फ्रान्समधले बारा तास आणि पहिला पगार

आठवड्याला 12 तास शिकवायचं, ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, दर सहा-सात आठवड्यांनी दोन आठवडे सुट्टी आणि सुट्टीतही पगार चालू. फ्रेंच सरकारी शाळांतल्या इंग्रजी असिस्टंटची ही नोकरी ऐकायला सहल वाटते. दरवर्षी शेकडो अमेरिकन पोरं पदवी हातात पडली की तिकडे जातात. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतली मुलंही जाऊ शकतात, कारण अर्ज पासपोर्टवर असतो, आडनावावर नाही. खरी कसोटी वर्गात नसते. ती ऑक्टोबरमध्ये, कागदांच्या चक्रात असते. ते चक्र असं: घराला बँक खातं लागतं, खात्याला घराचा पत्ता लागतो आणि पगाराला दोन्ही.

हातात महिन्याला साधारण 800 युरो पडतात. पॅरिसमध्ये हे कमीच, पण लिमोजसारख्या गावात नीट भागतं. गाव मात्र आपण ठरवत नाही. अर्जात आकादेमीची, म्हणजे शिक्षण विभागाची, पसंती विचारतात. आकादेमी मिळाली तरी शाळा तिच्या कुठल्याही कोपऱ्यातली निघू शकते. उन्हाळ्यात नेमणुकीचा आदेश येतो, त्याला ‘आरेते’ म्हणतात. व्हिसा याच कागदावर निघतो, म्हणून तो येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नये. तो आला की सगळ्यात आधी नकाशा उघडून शाळा आणि रेल्वे स्टेशन यांतलं अंतर बघावं, आणि शेवटची बस किती वाजता सुटते तेही. लहान गावांत ती सातच्या आसपास संपते. कामावर जायचा बस-रेल्वेचा पास असेल तर त्याच्या 75 टक्के रक्कम पगाराबरोबर परत मिळते, पण अर्ज भरला तरच.

शाळेत पहिल्या दिवशी एकच काम विसरायचं नाही. ऑफिसात जाऊन ‘प्रोसे-व्हर्बाल दँस्तालास्याँ’ या कागदावर सही करायची. आपण हजर झाल्याचा तो पुरावा. तो रेक्तोराला, म्हणजे विभागीय कचेरीला, पोचला की पगाराची फाइल हलते. दोन-तीन शाळा मिळाल्या असतील तर सही मुख्य शाळेत करायची. कागद टेबलावर आठवडाभर पडून राहिला किंवा खात्याचा ‘रिब’, म्हणजे बँक खात्याच्या तपशिलाचा कागद, उशिरा गेला, की ऑक्टोबरचा पगार नोव्हेंबरअखेर पडतो. काही ठिकाणी ऑक्टोबरअखेर थोडी रक्कम आगाऊ देतात, पण त्यावर भरवसा ठेवू नये. भाडं, डिपॉझिट, विमा आणि दोन महिन्यांचं खाणं धरून 2,000 ते 2,500 युरो बरोबर असावेत, असं आमचं मत. त्याहून कमी नेणाऱ्याचा नोव्हेंबर पास्त्यावर जातो.

आता बँक. अमेरिकन पासपोर्ट बघून काउंटरवरचा चेहरा जरा पडतो, त्यामागे कारण आहे. अमेरिकेच्या 2010 च्या फात्का कायद्यामुळे परदेशी बँकांना अमेरिकन नागरिकांच्या खात्यांची माहिती कळवावी लागते. एवढ्या छोट्या खात्यासाठी ही कटकट काही बँकांना नको असते, आणि फक्त ऑनलाइन चालणाऱ्या कित्येक बँका तर अर्जातच नाही म्हणतात. म्हणून शाखा असलेली बँक गाठावी, अपॉइंटमेंट घेऊन जावं आणि अमेरिकन सोशल सिक्युरिटी नंबर लक्षात ठेवावा. डब्ल्यू-9 नावाच्या फॉर्मवर तो लागतो. नकार मिळालाच तर तो लेखी मागायचा. ते पत्र घेऊन बाँक द फ्राँसकडे, म्हणजे फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेकडे, गेलं की ती एखाद्या बँकेला खातं उघडायला लावते. हा कायदेशीर हक्क आहे, ‘द्र्वा ओ काँत’. तो मागताना आवाज चढवायची गरज नाही. मात्र आत शिरताच आधी ‘बाँझूर’ म्हणायचं आणि मग विषय काढायचा. हा शब्द गाळून थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणा समजतात, आणि अमेरिकन माणसाकडून नेमकं तेच होतं.

घरासाठी ‘बाय मोबिलिते’ हा करार विचारावा. 2018 च्या कायद्यातून आलेला हा एक ते दहा महिन्यांचा, फर्निचरसह खोलीचा करार. यात डिपॉझिट घ्यायला बंदीच आहे. नेहमीच्या फर्निचर्ड करारात दोन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागता येतं. फ्रान्समध्ये जामीन राहणारं कुणी नसेल, आणि अमेरिकेतून आलेल्याला कोण असणार, तर ‘व्हिझाल’ ही फुकट हमी आहे. तिशीपर्यंतच्या भाडेकरूला ती सहज मिळते, फक्त करारावर सही करायच्या आधी काढावी लागते. सही झाल्यावर अर्ज केला की तो बाद. खोली न दाखवता आधी पैसे पाठवा म्हणणारा मालक खोटा असतो, त्याने ओळखपत्राचा फोटो पाठवला तरी. निवासी विद्यार्थी असलेल्या काही शाळांकडे स्वस्त खोल्या असतात. आरेते मिळताच शाळेला ईमेल करून विचारावं. ऑगस्टमध्ये शाळा बंद असतात, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यातच.

आरोग्य विम्यासाठी, म्हणजे ‘सेक्यू’साठी, जन्मदाखला लागतो आणि इथे बरेच जण अडकतात. अमेरिकेतला आखूड दाखला चालत नाही. आईवडिलांची नावं असलेला लांब दाखला, ज्या राज्यात जन्म झाला तिथला अपोस्टील (दाखला खरा असल्याची सरकारी मोहर) आणि शपथबद्ध अनुवादकाकडून फ्रेंच अनुवाद असं तिन्ही लागतं. अपोस्टील निघायला काही आठवडे जातात, म्हणून हे काम घर सोडण्याआधी उरकावं. आधी तात्पुरता नंबर मिळतो, काही महिन्यांनी कायमचा. तो वाचायलाही मजा येते. पहिला आकडा बाई असेल तर 2, पुरुष असेल तर 1. मग जन्माचं साल, महिना, परदेशात जन्म म्हणून 99 आणि अमेरिकेसाठी 404. दवाखान्यात जनरल डॉक्टरची फी 30 युरो. सेक्यू 70 टक्के, म्हणजे 21 धरते आणि त्यातून 2 कापून 19 परत देते. सेक्यूचं कार्ड येईपर्यंत डॉक्टर कागदी फॉर्म देतात. ते सगळे जपून ठेवावेत, कारण नंबर आल्यावर मागचे पैसेही मिळतात.

वेळापत्रकात ‘समेन आ’ आणि ‘समेन बे’ असे दोन आठवडे आलटून पालटून येतात. सोमवारी सकाळी रिकाम्या वर्गात उभं राहावं लागलं तर समजायचं, आपण ‘आ’चं वेळापत्रक ‘बे’मध्ये पाळलं. शिवाय कोलेझ म्हणजे आपलं कॉलेज नव्हे, ती अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांची शाळा. इयत्ता उलट्या मोजतात: सहावीतून पाचवीत, तिथून चौथीत, मग तिसरीत. त्यानंतर लिसे, म्हणजे पुढची उच्च माध्यमिक शाळा.

असिस्टंटने गुण द्यायचे नसतात आणि अख्खा वर्ग एकट्याने सांभाळायचा नसतो. पुष्कळदा शिक्षिका दहा-बारा मुलं शेजारच्या खोलीत पाठवते आणि हातात वीस मिनिटं देते. त्या वीस मिनिटांत ‘तुमचे छंद सांगा’ म्हटलं की संपलंच, सगळे बुटांकडे बघत बसतात. त्याऐवजी एक फोटो घ्यावा, पिवळी स्कूल बस किंवा मुलांचे लॉकर लावलेला शाळेचा कॉरिडॉर. पहिली दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने तीन शब्द लिहायचे. मग जोडीत तीन मिनिटं बोलायचं. मग एकेकाने शेजाऱ्याचं वाक्य सांगायचं, स्वतःचं नाही. दुसऱ्याचं वाक्य सांगताना चुकलो तरी लाज आपली नसते, म्हणून पोरं तोंड उघडतात. शेवटची पाच मिनिटं त्यांनी असिस्टंटला प्रश्न विचारायचे. झेरॉक्सच्या भरवशावर धडा आखू नये. मशीनला कोड लागतो, प्रतींची मर्यादा असते, आणि दहाच्या मधल्या सुट्टीत तिथे रांग लागते.

चुका ठरलेल्या असतात. फ्रेंचमध्ये वय ‘असतं’, म्हणून मुलं ‘आय हॅव फिफ्टीन इयर्स’ म्हणतात. ‘धिस’चं ‘झिस’ होतं आणि ‘हंग्री’तला ह गळून ‘अँग्री’ ऐकू येतं, त्यामुळे भुकेला मुलगा चिडलेला वाटतो. पुस्तकं बहुधा ब्रिटिश वळणाची, त्यामुळे ‘हॉलिडे’ऐवजी ‘व्हेकेशन’ म्हटलं की मुलं चूक काढतात. काढू द्यावी, दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत. उलट दिशेला, ज्याच्या घरी मराठी बोलतात त्याला एक फायदा असतो. फ्रेंच ‘त’ अमेरिकन ‘ट’सारखा नसून आपल्या दंत्य त च्या जवळचा आहे, आणि ‘व्हू’ कुठे, ‘त्यू’ कुठे हे तुम्ही-तू ऐकत वाढलेल्याला शिकवावं लागत नाही. आकडे मात्र सगळ्यांनाच छळतात. फोन नंबर जोड्यांत सांगतात आणि 97 म्हणजे ‘चार वीस सतरा’. ऑफिसातून कुणी नंबर सांगू लागलं तर सरळ कागद पुढे करावा.

एप्रिलच्या सुट्ट्या विभागाप्रमाणे आ, बे, से अशा वेगवेगळ्या तारखांना येतात, आणि त्या नादात खोली सोडायची नोटीस राहून जाते. बाय मोबिलिते ठरल्या तारखेला आपोआप संपतो. नेहमीचा फर्निचर्ड करार असेल तर एक महिन्याची नोटीस, पोचपावतीच्या रजिस्टर पत्राने. महिना मालकाला पत्र मिळाल्या दिवसापासून मोजतात, टाकल्यापासून नाही. म्हणून पत्र मार्चच्या पंचविशीतच पोस्टात पडावं, नाहीतर मे महिन्यातल्या दिवसांचंही भाडं बसतं.