मानसरोवराचा सांडवा

कैलासाची तीन दिवसांची पायी परिक्रमा आटोपून आम्ही चिउ गोंपा या बौद्ध मठाच्या पायथ्याशी आलो. पाय सुजले होते, पण मला गंगा छू बघायचीच होती. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं धरणावरची पट्टी वाचली. पाणी दिसलं की नजर आधी काठावर जाते.

गंगा छू हा मानसरोवरातून शेजारच्या राक्षसताल सरोवराकडे जाणारा चर. आमच्या भाषेत सांडवाच. सरोवर उंबऱ्याच्या वर चढलं की पाणी पलीकडे उतरतं, खाली राहिलं की चर कोरडा. मी चरात उतरून चालू लागलो. गोटे, मधूनमधून डबकी, कडेला खाराचा पांढरा पापुद्रा, बुटाखाली कुरकुरणारा. डबक्यात काडी टाकली, ती जागची हलली नाही.

1812 मध्ये इंग्रज प्रवासी मूरक्रॉफ्ट इथे आला, त्याला सरोवरातून बाहेर पडणारं पाणी कुठेच दिसलं नाही. 1846 मध्ये दुसऱ्या इंग्रज प्रवाशाला, हेन्री स्ट्रॅचीला, याच चरात शंभर फूट रुंद, तीन फूट खोल प्रवाह दिसला. 1907 मध्ये स्वीडिश प्रवासी स्वेन हेडिन आला, तेव्हा चर पुन्हा कोरडा. पंचाण्णव वर्षांत कोरड्याची नदी आणि नदीचं परत कोरडं! हे आठवलं आणि तिथे उभ्या उभ्या अंगावर काटा आला.

मान वर केली तर डोंगरउतारावर आडवे पट्टे. धरण उतरलं की काठावर रेघा राहतात ना, अगदी तशा. फरक इतकाच, की या रेघा हजारो वर्षांच्या. म्हणजे मी उभा होतो तो एके काळी सरोवराचा तळ.

तिबेटच्या पठारावर उत्तरेकडे उलटंच चाललंय. पाऊस वाढला, हिमनद्या वितळल्या, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून सिलिंग त्सो (त्सो म्हणजे तळं) इतकं फुगलं की त्याने नाम त्सोलाही मागे टाकलं. इकडे दक्षिणेला यामद्रोक तळं मात्र आकसतंय. एकच पठार, पण प्रत्येक तळ्याचा हिशेब वेगळा. त्यामुळे ‘तिबेटची तळी वाढतायत’ असं कुणी सरसकट म्हटलं की मला राहवत नाही.

आमच्या तुकडीतल्या साताऱ्याच्या मावशी काठी टेकत आल्या. गंगा छू वाहती असणं तिबेटी लोक शुभ मानतात, हे त्यांनी वाटाड्याकडून ऐकलं होतं.

“वाहतंय का हो भाऊ?”

“नाही मावशी. थांबलंय.”

त्यांनी पिशवीतून तांब्या काढला, सकाळी मानसरोवरातून भरलेला. झाकण उघडून अर्धं पाणी चरात ओतलं. ते गोट्यांतून हातभर पुढे सरकलं आणि मुरलं. आम्ही दोघं बराच वेळ ती ओल बघत उभे होतो.