मद्रासच्या दिव्याची चार घरं

चेन्नईत पाहुणे आले की आपण सगळे त्यांना मरीना बीचवर नेतो, लाल-पांढऱ्या लाइटहाउससमोर फोटो काढतो, सुंडल (चण्याची उसळ) खातो आणि घरी. पण हे मद्रासचं चौथं लाइटहाउस आहे आणि आधीच्या तिन्ही जागा अजून शाबूत आहेत हे फारसं कुणी सांगतच नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

मुळात मद्रासला नैसर्गिक बंदरच नव्हतं. सरळसोट उघडा किनारा, जहाजं लांब खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माणसं, माल सगळं मसुला होड्यांतून लाटा फोडत यायचं. त्या होड्यांच्या फळ्या खिळे न मारता काथ्याने शिवलेल्या असायच्या, त्यामुळे लाटेचा दणका बसला तरी फुटायच्या नाहीत, नुसत्या वाकायच्या. अशा ठिकाणी रात्री किनाऱ्याचा अंदाज येणं किती गरजेचं होतं विचार करा.

१७९६ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यात, आज फोर्ट म्युझियम आहे त्या बिल्डिंगवर, खोबरेल तेलाचा दिवा लागला. १८४४ मध्ये तो जवळच्याच उंच दगडी डोरिक (प्राचीन ग्रीक पद्धतीच्या) खांबावर गेला. मग त्या खांबाशेजारीच हायकोर्ट उभं राहिलं, त्याचा घुमट खांबाहून उंच, झालं, १८९४ मध्ये दिवा थेट घुमटावर! खाली खटले चाललेत आणि वर जहाजांसाठी दिवा, हे १९७७ पर्यंत चालू होतं. मला तर हे अख्ख्या शहरातलं सगळ्यात भारी प्रकरण वाटतं. १९१४ च्या सप्टेंबरमध्ये जर्मन युद्धनौका एम्डनने रात्री येऊन तेलाच्या टाक्या पेटवल्या, तेव्हा हायकोर्टाच्या आवारातही गोळे पडले होते, तिथे त्याची पाटी आहे.

दरवेळी आणखी उंच जागा का, तर पृथ्वी गोल आहे, ५० मीटरवरून क्षितिज जेमतेम २५ किलोमीटर. बाकी कमाल फ्रेनेल लेन्सची. काचेच्या प्रिझमच्या रिंगा एकाभोवती एक बसवलेल्या, वर-खाली वाया जाणारा प्रकाश त्या वळवून आडव्या झोतात आणतात. लेन्स फिरते, झोत समोरून गेला की खलाशाला चमक दिसते, आणि चमकांची लय प्रत्येक लाइटहाउसची वेगळी, ती मोजायची, चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, बघायची, की आपण कुठे आहोत ते कळतं.

मरीनाचं लाइटहाउस त्रिकोणी आहे, आणि चक्क लिफ्ट आहे. १९९१ मध्ये राजीव गांधींच्या हत्येनंतर सुरक्षेसाठी बंद केलेलं ते थेट नोव्हेंबर २०१३ मध्ये लोकांना उघडलं, म्हणजे एक पिढी वर न जाताच मोठी झाली.

जाणार असाल तर सुरुवात फोर्ट म्युझियमपासून करा, फक्त शुक्रवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं.