मुलाला चालेल, मुलीलाही चालेल असं नाव ठेवताना

मराठीत नाव दोघांना चालणारं असू शकतं, वाक्य मात्र तसं राहत नाही. 'किरण आला' किंवा 'किरण आली' यातलं एक काहीतरी म्हणावंच लागतं. त्यामुळे घरात, गल्लीत, वर्गात अशा नावाने फारसा गोंधळ होत नाही. पहिल्या दिवशीच 'तो' की 'ती' हे सगळ्यांच्या तोंडी बसतं. अडचण येते ती माणसाच्या आधी त्याचं नाव पोचतं तिथे: यादीत, अर्जात, तिकिटावर, फोनवर. म्हणून असं नाव निवडताना ते पाळण्याजवळ म्हणून बघणं पुरत नाही. अनोळखी माणसाने कागदावर वाचलं तर त्याच्या डोळ्यांसमोर कोण येईल, हेही बघावं लागतं.

अशी नावं शोधण्यामागे आपल्याकडे एक व्यावहारिक कारण आहे. १९९४ च्या कायद्यामुळे जन्माआधी बाळाचं लिंग सांगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मग आईवडील दोन याद्या करतात. दोघांना चालणारं नाव असेल तर एका यादीत भागतं. पण राशीचं अक्षर पाळायचं असेल तर ही तयारी कोलमडते. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून १०८ अक्षरं. त्यातलं कुठलं वाट्याला येणार हे जन्मवेळ कळल्याशिवाय ठरत नाही. यावर तोड परंपरेतच आहे. नक्षत्रनाम वेगळं आणि व्यवहाराचं नाव वेगळं असतं. पत्रिकेतलं नाव बारशाला पाळण्यात ठेवा आणि आवडलेलं नाव दाखल्यावर लिहा. त्यात शास्त्र मोडल्यासारखं काही नाही.

आता नावांकडे. 'युनिसेक्स' म्हणून ज्या याद्या फिरतात त्यांतली निम्मी नावं महाराष्ट्रात दोघांची नसतातच. खरोखर दोन्हीकडे चालतात ती किरण, स्नेहल, नयन, मिलन अशी मोजकी. यष्टिरक्षक किरण मोरे आणि पोलीस अधिकारी किरण बेदी ही दोन्ही नावं एकाच काळात वर्तमानपत्रांत येत होती आणि कुणालाही ती खटकली नाहीत.

दुसरा गट प्रांतानुसार पलटणाऱ्या नावांचा. मृणाल म्हटलं की आपल्याला समाजवादी नेत्या मृणाल गोरे आठवतात, बंगाल्यांना दिग्दर्शक मृणाल सेन. अश्विनी आपल्याकडे मुलगीच, पण रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव. कमल आपल्या आजीच्या पिढीतली बाई, उत्तरेत कमलनाथ आणि दक्षिणेत कमल हासन. ज्योती बसू बंगालचे २३ वर्षं मुख्यमंत्री होते, आपल्या वर्गातल्या ज्योती मात्र सगळ्या मुली. आणि तरीही महात्मा फुल्यांचं नाव जोतीच होतं. त्याला 'राव' जोडला की शंका उरत नव्हती. 'राव', 'बाई', 'बा' हे जोड आपण नावातून काढून टाकले आणि नाव उघडं पडलं. शिखांनी ही सोय अजून जपली आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या परिसरात हरप्रीत, गुरप्रीत ही नावं मुलगे आणि मुली दोघांचीही असतात आणि पुढचं 'सिंग' किंवा 'कौर' उलगडा करतं. मराठी आडनाव असा उलगडा करत नाही. पाटील तोही असतो आणि तीही.

शीतल हे नाव मला या सगळ्यांत सर्वात बोलकं वाटतं. पुण्या-मुंबईत शीतल म्हणजे मुलगी. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत ते पुरुषाचंही सहज असतं, कारण दहावे तीर्थंकर शीतलनाथ. तो शीतल शिकायला किंवा नोकरीला पुण्यात गेला की फोनवर 'मॅडम' ऐकायची तयारी त्याला ठेवावी लागते. नावात काहीच बदललेलं नसतं, ऐकणारे बदललेले असतात.

तिसरा गट फसवा आहे. आर्य आणि आर्या, प्राजक्त आणि प्राजक्ता ही देवनागरीत स्वच्छ वेगळी नावं आहेत. इंग्रजी लिपीत गेली की ती एकच होतात, कारण तिथे शेवटचा 'अ' आणि 'आ' एकाच अक्षराने लिहितात. अमेयच्या स्पेलिंगला शेवटी 'ए' लावला की परप्रांतातला माणूस 'अमेया' वाचतो आणि मुलगी समजतो. 'आ' किंवा 'ई' शेवटी आली की नाव बाईचं वाटणं ही सवय जुनी आहे. मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं, असं पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथात स्पष्ट सांगितलं आहे. पाश्चात्त्य देशांतही बहुतेकांचा कान तसाच तयार झालेला असतो. त्यामुळे आदित्यसारखं आपल्याला निःसंशय मुलाचं वाटणारं नाव परदेशात मुलीचं समजलं जाऊ शकतं. उलट किरण हे ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये कीरन या मुलाच्या नावाजवळ जातं, म्हणून तिथे किरण नावाच्या मुलीला जास्त खुलासे करावे लागतात.

जर्मनीत तर किरण हे नाव थेट घटना न्यायालयापर्यंत गेलं. मुलीचं नाव किरण ठेवलं तेव्हा नोंदणी कार्यालयाने अडवलं: नावावरून लिंग कळत नाही, सोबत स्पष्टपणे मुलीचं असं दुसरं नाव जोडा. ५ डिसेंबर २००८ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा नियम जर्मन कायद्यात नाही. किरण तिथे एकट्या किरण या नावाने राहू शकली.

लोकांच्या मनात काय चालतं याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मुलीला मुलासारखं वाटणारं नाव दिलं तर लोक 'वेगळं आहे, छान आहे' म्हणतात. मुलाला मुलीसारखं वाटणारं नाव दिलं तर 'दुसरं सुचलं नाही का?' असं विचारतात. हे अन्यायाचं आहे. बाईपण म्हणजे काहीतरी कमी, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे. परिणामही दिसतो: एखादं नाव मुलींमध्ये रुळलं की मुलग्यांचे आईवडील त्यापासून लांब सरकतात, आणि दोघांचं नाव हळूहळू एकाचंच होतं. स्नेहल त्या वाटेवर आहे असं मला वाटतं, म्हणून मुलाचं नाव स्नेहल ठेवणाऱ्यांचं मला कौतुक आहे. शाळेतल्या चिडवाचिडवीची भीती असते, पण मित्रमंडळी 'किरण्या', 'शीतल्या' करून त्याला आपल्यात ओढून घेतातच. चिडवणं त्रासदायक होतं ते मोठी माणसंही त्यात हसून सामील होतात तेव्हा.

नाव पक्कं करण्याआधी एक चाचणी करावी. ओळख न सांगता ते नाव कागदावर लिहून द्या आणि 'काल … घरी …' हे वाक्य पूर्ण करायला सांगा. भूतकाळच हवा. 'येईल' किंवा 'येणार आहे' म्हणून माणूस निसटतो, 'आला' की 'आली' इथे त्याला निवडावंच लागतं. आजीच्या वयाच्या कुणाला विचारा, शाळकरी मुलाला विचारा, दुसऱ्या जिल्ह्यातल्याला आणि अमराठी शेजाऱ्यालाही विचारा. अमराठी माणसाला इंग्रजी स्पेलिंग दाखवा. सगळ्यांचं उत्तर एकच आलं तर ते नाव तुमच्या भागात दोघांचं नाही. मग बाळ दुसऱ्या बाजूचं असेल तर आयुष्यभर दुरुस्त्या कराव्या लागतील हे धरून चला. उत्तरं विभागली गेली तर नाव खरोखर मोकळं आहे.

घाई करायचं कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवाय होते. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मात्र एकदा घातलेलं नाव बदलणं कटकटीचं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट, मतदारयादी सगळीकडे जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, म्हणून तिथली चूक सगळीकडे पसरते.

अशा नावाच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुकतो तो लिंगाचा रकाना. माहिती भरणारा माणूस कधी कागद न बघता नावावरून अंदाज करतो. दाखला हातात घेतल्यावर आपण स्पेलिंग तपासतो आणि हा रकाना सोडून देतो. आधी तोच वाचा. आधारमध्ये नाव दोनदा बदलता येतं, लिंग मात्र एकदाच. आधारवरचं लिंग मोठेपणी पॅनशी जुळलं नाही तर दोन्हींची जोडणी अडते. राज्य सरकारी नोकरीत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. तिथे अर्जातला हा रकाना चुकला तर कागदपत्रं तपासताना उमेदवारी धोक्यात येते.

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहिलं जातं. आईचं नावही किरण किंवा नयन असेल तर सलग दोन मोकळी नावं येतील, ती एकदा पूर्ण लिहून मोठ्याने वाचून बघा. शाळेच्या यादीत मुलापुढे 'चि.' आणि मुलीपुढे 'कु.', पुढे पत्रव्यवहारात 'श्री.' आणि 'श्रीमती' आवर्जून लिहायची सवय लावा. विचारायच्या आधीच उत्तर मिळालं की समोरचा माणूसही अवघडत नाही.