पुणे ते गोवा सायकलने: पाय तयार होते, सही अडली होती

चार दिवसांत साडेचारशे किलोमीटर सायकल चालवण्याइतके पाय तयार करता येतात. वेळ लागतो, पण होतात. त्याच राइडच्या फॉर्मवर डॉक्टरांची एक सही मिळवायला मला त्याहून जास्त झगडावं लागलं आणि तो राग अजून गेलेला नाही. पुढच्या हिवाळ्यात कुणी अशा राइडला निघणार असेल, त्यातही पंचेचाळिशी ओलांडलेली बाई असेल, तर तिचे ते आठवडे वाचावेत म्हणून सविस्तर लिहितेय.

राइड फेब्रुवारी २०२४ मधली. पुणे, सातारा, कोल्हापूर, आंबोली, पणजी. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ वाड्यांमधल्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळाव्यात यासाठी निधी गोळा करायचा होता. प्रत्येकाने आपल्या ओळखीपाळखीतून काही सायकलींचे पैसे उभे करायचे आणि खाणं-राहणं स्वतःच्या खर्चाने करायचं, असा नियम. मी बँकेत नोकरी करते, वय एक्कावन्न. सायकल आधीपासून चालवायचे, पण खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं आणि ऑफिसची तयारी करायची, इतपतच.

गणपती झाले तसा सराव वाढवला. आठवड्यात दोन दिवस पहाटे तासभर आणि रविवारी लांबचा पल्ला. दर आठवड्याला लांबी साधारण दहा टक्क्यांनीच वाढवायची, हे मी कटाक्षाने पाळलं. उत्साहात एकदम दुप्पट अंतर मारणाऱ्यांचे गुडघे मी पाहिले आहेत. चढासाठी बोपदेव घाट आणि जुना कात्रज घाट. कात्रजचा जुना घाट तर करायलाच हवा, कारण पहिल्या दिवशी पुण्यातून बाहेर पडताना तोच लागतो आणि पुढे खंबाटकी आहेच. दिवे घाट मी एकदा करून सोडून दिला, तिथली वाहनं मला झेपत नाहीत.

सीटची उंची ठीक करून घ्या. पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पूर्ण ताठ झाला तर कंबर डावी-उजवी हलते, जास्त वाकला तर वाटीच्या मागे दुखायला लागतं. माझं एक दुखणं फक्त सीट बोटभर वर केल्याने गेलं. जड गिअर रेटत बसण्यापेक्षा हलका गिअर घेऊन पाय मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा फिरवायची सवय लावा. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हे बायकांना कुणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून मी सांगते. आणि नवी शॉर्ट्स राइडच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

तर फॉर्म. दिवाळीच्या आधी आयोजकांकडून कागद आला. नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर वगैरे ठीक. खाली डॉक्टरांसाठी एक चौकट आणि त्यात वाक्य असं: अर्जदार चार दिवसांत साडेचारशे किलोमीटर सायकल चालवण्यास पूर्णपणे तंदुरुस्त असून प्रवासात हृदयविकाराचा कोणताही धोका नाही, असे मी प्रमाणित करतो व त्याची जबाबदारी घेतो. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. पंचेचाळीसच्या पुढच्यांनी सोबत ईसीजी आणि टीएमटीचा, म्हणजे ट्रेडमिलवर होणाऱ्या हृदयाच्या तपासणीचा, रिपोर्ट जोडायचा.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हे वाक्य दोनदा वाचलं आणि कागद परत दिला. म्हणाले, "तुमचं बीपी, शुगर सगळं उत्तम आहे, तेवढं मी लिहून देतो. पण कुणाला धोकाच नाही असं कुठलाही डॉक्टर लिहू शकत नाही." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. माझ्या वडिलांना छप्पन्नाव्या वर्षी अटॅक आला होता, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मला एका मोठ्या हॉस्पिटलच्या हृदयरोग विभागात पाठवलं.

टीएमटी म्हणजे चालत्या पट्ट्यावर छातीला तारा लावून चालायचं. पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ असतो. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. तिसऱ्या टप्प्यात ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के होतात, तिथे बऱ्याच जणांची दमछाक होते. २२० मधून वय वजा करायचं आणि त्याच्या ८५ टक्के ठोक्यांपर्यंत पोचायचं, म्हणजे माझ्यासाठी १४४. मी तिसरा टप्पा पूर्ण करून चौथ्यात गेले. छातीत दुखलं नाही, चक्कर नाही. बोपदेवच्या मानाने ते सोपं होतं. आणि हातात रिपोर्ट आला तो "माइल्डली पॉझिटिव्ह", म्हणजे हृदयात थोडा दोष असल्याची शंका.

रिपोर्ट दिला तंत्रज्ञाने. डॉक्टर निघून गेले होते. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "मॅडम, सर आता दिवाळीनंतरच." घरी आल्यावर ते दोन शब्द घेऊन आम्ही सगळे बसलो. माझी मोठी बहीण नागपूरहून रोज फोन करून सायकल विकून टाक म्हणत होती. दिवाळी त्यातच गेली.

दिवाळीनंतर डॉक्टर भेटले तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत समजावलं. बायकांच्या बाबतीत टीएमटी खोटा पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं, हे वैद्यकशास्त्राला कधीपासून माहीत आहे. आलेखातली एक रेष थोडी खाली उतरली की यंत्र तसं छापतं. त्रास काहीच नाही आणि दम चांगला आहे, ही जमेची बाजू. तरी वडिलांचा इतिहास आहे, म्हणून स्ट्रेस इको करून घ्या. त्यात श्रमाच्या आधी आणि श्रमानंतर लगेच हृदयाची सोनोग्राफी करतात आणि भिंतीचा एखादा भाग कमी हलतोय का ते बघतात. तोवर दम लागेल असा व्यायाम नको. हेच पाच मिनिटांचं बोलणं रिपोर्ट देताना कुणी केलं असतं तर एका घराची दिवाळी वाचली असती. रिपोर्टवर ते शब्द छापून माणसाला दारातून बाहेर पाठवणं मला आजही अमानुष वाटतं.

स्ट्रेस इको करणारे डॉक्टर तिथे आठवड्यातून एकच दिवस यायचे. पहिली तारीख मिळाली ती आल्यावर रद्द झाली. दुसऱ्या तारखेला उपाशीपोटी सकाळपासून बसून दुपारी कळलं की इमर्जन्सी आली आहे, पुढच्या आठवड्यात या. इमर्जन्सी असते, मला मान्य आहे. पण ते सकाळी दहाला सांगता येतं. केस पेपर काढायची रांग, पैसे भरायची रांग आणि तपासणीची रांग प्रत्येक वेळी नव्याने. बँकेत मी काउंटरच्या पलीकडे बसते. टोकन धरून बसलेल्या माणसाला अजून किती वेळ आहे एवढं सांगितलं तरी त्याचा अर्धा राग जातो, हे मला रोज दिसतं. तिथे कुणी सांगत नव्हतं.

आणि हे सगळं नेमकं त्या आठवड्यांत, जेव्हा सलग दोन दिवस लांब पल्ले मारायचे असतात. लागोपाठच्या राइडमध्ये दुसऱ्या दिवसाचा सराव सगळ्यात मोलाचा. दुखऱ्या बुडाने आणि जड पायांनी पुन्हा सीटवर बसता येतं का, ते त्या दिवशी कळतं. माझा ग्रुप शनिवारी वाईला जाऊन रविवारी परतत होता आणि मी सपाट रस्त्यावर चालत होते.

शेवटी इको झाला. नॉर्मल. हृदयाचा प्रत्येक भाग व्यवस्थित हलतोय, पंपिंग उत्तम. मी तिथल्या जिन्यात उभी राहून रडले, आधी सुटकेने आणि मग संतापाने.

कारण सही अजून मिळाली नव्हतीच. हॉस्पिटल म्हणालं, आम्ही प्रमाणपत्र आमच्या लेटरहेडवरच देतो, बाहेरच्या फॉर्मवर सही करायची नाही, असा व्यवस्थापनाचा नियम आहे. आयोजकांकडचा स्वयंसेवक म्हणाला, ताई, आमचाच फॉर्म लागेल, लेटरहेड चालणार नाही. शिवाय सही राइडच्या आधीच्या तीस दिवसांतली हवी, म्हणजे आत्ता मिळाली असती तरी ती शिळी झाली असती. दोन्हीकडची माणसं सज्जन होती आणि दोघंही आपला कागद सोडायला तयार नव्हती. मी ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची रजा काढून या दारातून त्या दारात जात राहिले.

गाठ सोडवली ती एका स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टर बाईंनी. ग्रुपमधल्या मॅरेथॉन पळणाऱ्या मैत्रिणीने नाव सुचवलं. त्यांनी सगळे रिपोर्ट वाचले, गुडघे तपासले, सरावाचं वेळापत्रक विचारलं. मग फॉर्मवरचं जबाबदारीचं वाक्य सरळ रेघ मारून खोडलं आणि हाताने लिहिलं: "आज केलेल्या तपासणीत व सोबत जोडलेल्या अहवालांत सायकल राइडमध्ये भाग घेण्यास मनाई करावी असे काही आढळले नाही." सही, शिक्का, तारीख, नोंदणी क्रमांक. आयोजकांना फोन लावून स्वतःच सांगितलं की कुठल्याही डॉक्टरला एवढंच लिहिता येतं. पलीकडून उत्तर आलं, हो, चालेल. दोन मिनिटांत संपलं.

म्हणून पहिला सल्ला हा की, सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जा. ऑगस्टमध्येच जा. तपासण्या टाळू नका, मी त्याविरुद्ध एक अक्षर बोलत नाही. घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल, चढावर छाती भरून येत असेल, जबडा किंवा डावा हात दुखत असेल, तर राइड बाजूला ठेवून आधी ते बघा. पण टीएमटी अशा ठिकाणी करा जिथे रिपोर्ट समजावून सांगणारा डॉक्टर त्याच दिवशी समोर बसेल. आणि पैसे भरण्याआधी विचारा की फॉर्मवर सही कोण करणार. त्या डॉक्टर बाईंनी हाताने लिहिलेलं वाक्य लिहून घेऊन जा, उपयोगी पडेल.

हुकलेले आठवडे पूर्ण भरून निघत नाहीत. मी जानेवारीत अंतर वाढवण्याचा नाद सोडला आणि दोन वेळा शनिवार-रविवार सलग साठ-सत्तर किलोमीटर केले. शेवटच्या आठवड्यात जवळजवळ विश्रांती. ती घ्याच, त्या दिवसांत कमावता काही येत नाही, गमावता मात्र येतं.

राइड उत्तम झाली. साताऱ्यापासून कागलपर्यंत महामार्गाच्या रुंदीकरणाची कामं चालू होती, त्यामुळे वळवलेले रस्ते आणि धूळ खूप. नाकातोंडाला बांधायला सुती रुमाल ठेवा. उसाचा हंगाम असल्याने कराड-कोल्हापूर पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, त्यांना ओलांडताना दुसरी ट्रॉली विसरू नका. रस्त्यावर चिरडलेल्या उसावरून चाक घसरतं. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. आजऱ्याकडून आंबोलीला जाताना झाडी सुरू झाली की सगळा शीण उतरतो. आंबोलीचा उतार मात्र हातांची परीक्षा बघतो. ब्रेक सतत दाबून धरू नका, ते तापतात. वळणाच्या आधी दाबा, वळणात सोडा.

खाण्याचं म्हणजे भूक लागायच्या आधी खायचं. दर पाऊण तासाला अर्धं केळं, खजूर किंवा शेंगदाण्याचा लाडू. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर. बाजारची महागडी एनर्जी जेलं मला पचली नाहीत.

पैसे गोळा करणाऱ्यांसाठी, हे माझ्या नोकरीमुळे मला माहीत होतं म्हणून सांगते. पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात पाठवायला सांगा. देणगीवरची आयकर सवलत (आमच्या राइडच्या वेळी ती ८०जी कलमात होती) हवी असेल तर दोन हजारांच्या वरची रक्कम रोखीने चालत नाही. देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन तेव्हाच घ्या, नाहीतर मे महिन्यात संस्थेला या सवलतीसाठी देणगीचं प्रमाणपत्र काढताना एकेकाला फोन करत बसावं लागतं. नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही, तेही आधीच सांगून टाका. माझ्या ओळखीच्यांपैकी ते ऐकून कुणीही हात आखडता घेतला नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

राइडनंतर मी आयोजकांना पत्र लिहून ते जबाबदारीचं वाक्य फॉर्ममधून काढायला सांगितलं आहे. अजून उत्तर नाही. पुढच्या वर्षीचा फॉर्म निघायच्या आत पुन्हा लिहीन.

आणि परत येताना सायकल बसच्या डिकीत टाकायची तर पेडल काढावी लागतात. पंधरा नंबरचा पाना सोबत ठेवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सैल होतं. उजवं नेहमीसारखं.