डिकीतली टकटक

आधी नुसती टक. मग चारपाच दिवसांनी टकटक. खड्ड्यातून गेलं की दोनदा, डावीकडे वळलं की एकदा, आणि सरळ गुळगुळीत रस्त्यावर अजिबात नाही. मी एकटा असलो की येणार, शेजारी कोणी बसलं की गप्प. रेडिओ मोठा केला की ऐकू यायची नाही हे खरं, पण मग अजून येतेय का हे बघायला मीच रेडिओ बंद करायचो, म्हणजे उपयोग शून्य.

माझी गाडी छोटी हॅचबॅक आहे, तीन सिलिंडरची, नऊ वर्षं झाली आता. तीन सिलिंडरचं इंजिन सिग्नलला उभं असताना जरा थरथरतंच, चारात कशी दोन वर दोन खाली अशी जोडी जमते, तिनात एक कायम बिनजोडीचा. ती थरथर माझ्या हाताला पाठ आहे. मागे इंजिन माउंटिंगचं रबर गेलं तेव्हा ती एवढीशी वाढली होती आणि ते मला मेकॅनिकच्या आधी कळलं होतं, आणि हा किस्सा मी त्यानंतर निदान पंधरा जणांना ऐकवलाय. तर असा मी, आणि मला एक साधी टकटक सापडत नव्हती.

मोठी कधी घेतोयस, हा प्रश्न नऊ वर्षांत इतक्यांदा ऐकलाय की आता मी नुसता हसतो. खरं उत्तर असं आहे की मला ही गाडी पूर्ण समजते. तिचे चारही कोपरे कुठे संपतात ते मला न बघता कळतं. अरुंद बोळातून काढताना आरसे मिटायचे की नाही हे मला माझ्या खांद्यांइतकं माहितीये. मोठ्या गाडीत बसलो की कुणाच्या तरी हॉलमध्ये बसल्यासारखं वाटतं, छान असतं सगळं पण हात कुठे ठेवायचे कळत नाही.

आणि छोट्या गाडीला छोटी म्हणणारे बहुतेक वेळा फक्त बाहेरून बघतात. ही आडव्या इंजिनाची करामत आहे सगळी. 1959 साली आलेल्या मिनीत अॅलेक इसिगोनिस या इंजिनिअरने इंजिन लांबीत ठेवायच्या ऐवजी आडवं टाकलं आणि जेमतेम 3 मीटरच्या गाडीत चार माणसं बसवली. आज बहुतेक सगळ्या छोट्या गाड्यांची मांडणी तीच. जागा मिळाली आपल्याला, पण ती काढली कुठून, तर बॉनेटखालून. हे मला हेडलाइटचा बल्ब बदलताना कळलं. बल्बच्या मागे बॅटरी, बॅटरी आणि दिव्यामधे फक्त माझ्या मनगटापेक्षा थोडी कमी जागा. हात आत गेला, बाहेर येईना. वर हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही हा नियम, बोटाचं तेल लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर उडतो. म्हणजे जखमी हाताने, आंधळेपणाने, काचेला स्पर्श न करता एक स्प्रिंगची क्लिप बसवायची. 40 मिनिटं लागली. बोटांची पेरं सोलवटली. पण दिवा लागला तेव्हा जो आनंद झाला तो नवीन गाडी घेतानाही झाला नव्हता, शप्पथ.

बॅटरीवरून आठवलं. हॅचबॅकचं मागचं दार हे एक प्रकरणच आहे. वर उचललं की अर्धी गाडी उघडी, मागची सीट पाडली की टेबल काय, सायकल काय, एकदा तर सहा फुटी पडद्याचा रॉड हॅंडब्रेकपर्यंत सरकवून आणलाय मी. पण ते दार आपटून लावायला लागतं. हळूच लावलं की लागल्यासारखं दिसतं, लागलेलं नसतं, आणि आतला दिवा चालू राहतो. असंच एकदा चार दिवस बाहेर होतो. आल्यावर चावी फिरवली तर नुसतं कट्ट. परत कट्ट. नंतर बसून हिशोब केला, 5 वॉटचा बल्ब, म्हणजे साधारण 0.4 अँपिअर, बॅटरी 35 अँपिअर-अवरची, भागाकार केला तर साडेतीन दिवस. एवढासा बल्ब, फ्रीजमधल्या दिव्यापेक्षा मिणमिणता, त्याने अख्खी गाडी आडवी केली. तेव्हापासून दार आपटतो, मग परत एकदा ओढून बघतो. गॅस बंद केलाय का बघायला परत घरात जाणारी माणसं असतात ना, तसं.

हां तर टकटक. मेकॅनिककडे नेली. गाडी त्याच्या दारात उभी केल्याबरोबर आवाज बंद, हे तर होणारच होतं. तो बिचारा माझ्याबरोबर तीन चकरा मारून आला, मी मुद्दाम खड्डे शोधून त्यात घालत होतो, गाडी म्हणजे अगदी शहाण्या पोरासारखी. शेवटी तो म्हणाला, सस्पेन्शन ठीक आहे, लिंक रॉड ठीक आहे, साहेब तुम्ही डिकी रिकामी करून बघा. मला जरा अपमानच वाटला. नऊ वर्षं गाडी कानाने ओळखणाऱ्या माणसाला डिकी आवरायला सांगतो म्हणजे काय.

रविवारी डिकी काढली. दोन छत्र्या, एक मोडलेली. कधीतरी परत करायचं म्हणून ठेवलेलं कुणाचं तरी स्वेटर. कूलंटची अर्धी बाटली. मुलीचा एक बूट, जो तिला आता अंगठ्यातही येणार नाही. सगळ्याच्या खाली गालिचा, गालिच्याखाली पुठ्ठ्यासारखी फळी, आणि फळीखाली स्टेपनी. तिच्या शेजारी जॅकचा दांडा आपल्या क्लिपमधून निसटून मोकळा पडलेला. हाताने हलवला, टक. परत हलवला, टकटक. दोन महिने मी ज्याच्यासाठी शॉकअॅब्सॉर्बर बदलायच्या गोष्टी करत होतो तो हा. मेकॅनिकला अजून सांगितलेलं नाही.

पण दांडा क्लिपमधे बसवताना सहज स्टेपनीवर हात टेकला तर ती आत गेली. टायर असा आत जात नाही. गेज लावलं तर हवा 9 पीएसआय. बाकी चार चाकांना मी इमानेइतबारे 33 ठेवतो, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी, आणि तीही सकाळी टायर गार असताना मोजतो कारण चालवून गरम झाल्यावर आकडा फुगलेला दिसतो. एवढी शिस्त. आणि पाचवं चाक नऊ वर्षं तसंच. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, ते वाचले तर 2316. 2016 चा तेविसावा आठवडा. एकदाही रस्त्याला न लागता म्हातारा झालेला टायर, नक्षी कोरीकरकरीत आणि रबरावर बारीक भेगा.

स्टेपनी हा शब्द मला लहानपणी वाटायचा की आपलाच काहीतरी असेल. तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. सुरवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच, तिथल्या डेव्हिस भावांनी 1904 च्या सुमारास हवा भरलेलं, आरे नसलेलं एक चाक काढलं जे पंक्चर झालेल्या चाकालाच चिमटवून पुढे जायचं. एका रस्त्याचं नाव इतक्या लांब येऊन आपल्या तोंडात रुळलं आणि माझ्या डिकीत येऊन हवा गेलेल्या अवस्थेत पडलं. दुसऱ्या दिवशी नवीन टायर टाकला.

आता गाडी एकदम शांत. इतकी शांत की पहिले दोन दिवस मला करमेना.

मग मित्र मागायला आला, दोन दिवसांसाठी. चावी देताना मी त्याला सांगायला लागलो, बघ, सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकताना आधी पहिला टाकून मग टाक, नाहीतर कर्रकन वाजतो. डावी मागची काच अर्ध्यावर अडकते, हाताने जरा वर ढकल. एसी चालू असताना चढावर सेकंडवर ये, लाजू नको. डिकी आपट. तो म्हणाला, अरे टाकी कुठल्या बाजूला आहे तेवढं सांग. म्हटलं टाकीच्या काट्याशेजारी बारका बाण आहे ना, तो ज्या बाजूला त्या बाजूला. त्याला ते माहितीच नव्हतं! 20 वर्षं गाडी चालवतोय. मग मी त्याला तेही सांगितलं, की 1986 मधे फोर्डचा जिम मॉयलन नावाचा इंजिनिअर पंपावर चुकीच्या बाजूला लागला आणि पावसात भिजला, आणि ऑफिसात येऊन त्याने लगेच हा बाण सुचवणारी चिठ्ठी लिहिली. मित्र म्हणाला, चावी देतोस का आता.

दोन दिवसांनी गाडी आली. टाकी फुल, आतून पुसलेली. काही त्रास झाला का विचारलं तर म्हणाला, कसला त्रास, मस्त पळते की, तू उगाच घाबरवतोस. रिव्हर्सला कर्र वाजलं का? नाही बुवा. काच? काच उघडलीच नाही.

मी आत बसलो तर पाय पेडलला पोचेनात. तो सहा फुटी, त्याने सीट मागे घेतलेली, पाठ पाडलेली, तिन्ही आरसे त्याच्या डोळ्यांना लावलेले. आरसे पाच मिनिटांत जमले. पाठही जमली. सीट मात्र एक खाच पुढे घेतली की गुडघा स्टिअरिंगखाली लागतो, एक मागे घेतली की क्लच पूर्ण दबत नाही. आज चौथा दिवस आहे, माझी जुनी खाच अजून सापडलेली नाही.