मेकॅनिक आहेत की सोलापुरात!

“मॅडम, मेकॅनिक मेले का सोलापुरात?” हे कुणी प्रेमाने विचारतं, कुणी कुत्सितपणे. काही जण “साहेब काही म्हणत नाहीत का?” असं आडून विचारतात. गाडीचे मागचे ब्रेक पॅड झिजले की मी ते पार्किंगमध्ये बसून स्वतः का बदलते, एवढंच सगळ्यांना हवं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते. नंतर जिन्यात अडवू नका. आणि साहेब काही म्हणत नाहीत, टॉर्च धरतात.

पैशांसाठी नाही. पॅड विकतच आणावे लागतात, वाचते ती मजुरी, आणि ती ब्रेकचा पिस्टन फिरवायच्या हत्यारात नि गाडी टेकवायच्या दोन स्टँडमध्ये कधीच गेली. हौस म्हणाल, तर एप्रिलमध्ये ऊन चढायच्या आत, शिवाय पाणी यायचा दिवस टाळून हे काम उरकायला बसा, मग हौसेबद्दल बोलू.

आमच्या गाडीला मागेही डिस्क आहे, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला दोन्हीकडून पॅड चिमटतात. आपल्याकडे बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात, त्यामुळे गॅरेजवाल्यांचा हात ड्रमच्या आतल्या लायनरवर बसलेला. मागचे पॅड बदलायला मी ज्या दादांकडे गेले ते वडिलांच्या गाडीपासूनचे मेकॅनिक. सज्जन माणूस, आजही म्हणेन.

नवा जाड पॅड बसावा म्हणून पॅडला रेटणारा पिस्टन आधी आत घालावा लागतो. पुढच्या ब्रेकचा पिस्टन सरळ दाबला की आत जातो. केबलच्या हँडब्रेकवाल्या आमच्या गाडीत मागचा तसा जात नाही. त्याच्या पोटात स्क्रू असतो. हँडब्रेक ओढला की तो स्क्रूच पिस्टनला पुढे रेटतो, आणि पॅड झिजेल तसा पिस्टन पुढेच राहतो. मागे घ्यायचा तर दाबत दाबत फिरवावा लागतो. एवढं मी वाचून गेले होते आणि म्हणालेही, “दादा, तो फिरवून जातो म्हणे.”

“मॅडमना स्टूल दे रे, चहा सांग.”

चहा आला. दादांनी सी-क्लॅम्प, म्हणजे आवळायचा शिकंजा, लावला. पिस्टन हलेना. क्लॅम्पच्या दांड्यावर पाइप चढवला, पोऱ्याला लोंबकळायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. दादा हसले. मग आतून ‘कट्’ आवाज आला आणि पिस्टन गेला. “गेला का नाही?” दादा म्हणाले. गेला की! दुसरी बाजूही तशीच घातली.

पुढच्या मंगळवारी आईला घेऊन तुळजापूरला निघाले. घाटात रांग लागली. चढावर हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला टाकली, ब्रेकवरचा पाय काढला. गाडी मागे सरकायला लागली. हँडब्रेकचा दांडा पार वर आलेला आणि खाली काहीच धरत नव्हतं. आरशात एक मोटरसायकल, टाकीवर बसलेलं लहान पोर. पाय पुन्हा ब्रेकवर गेला, गाडी थांबली. काही झालं नाही. मागच्या सीटवरून आई म्हणाली, “मागं का जातीय गं?” मी म्हटलं, “रस्ता तसाय.”

दाबून घातल्याने आतले स्क्रू मोडले होते. दोन्ही कॅलिपर, म्हणजे पिस्टन ज्यात बसतो ती घरं, पुण्याहून मागवावे लागले. दादांनी मजुरी घेतली नाही, मान खाली घालून काम केलं. भांडले असते तर सोपं गेलं असतं मला.

त्याआधी मीच तावातावाने म्हणायचे की ब्रेक म्हणजे खेळ नाही, ज्याचं काम त्यानंच करावं. माझ्यातल्या त्या जुन्या बाईला आजही माझ्याकडे धड उत्तर नाही. ती म्हणेल, त्यांची एक चूक झाली आणि तू तर शिकलेलीच नाहीस. खरं आहे. पण मला घाई नसते, आणि गिऱ्हाईक ताटकळत नसतं. पुढच्या चाकांना दगड, गाडी गियरमध्ये, हँडब्रेक मोकळा. जॅकवर विसंबत नाही, स्टँड लावते. ब्रेक ऑइलच्या डबीवर नजर ठेवते, कारण पिस्टन आत जाताना तेल वर चढतं आणि सांडलं तर रंग खातं. कॅलिपर तारेने बांधते, नळीवर लोंबू देत नाही. पिस्टनवरची खाच पॅडमागच्या खुंटीशी जुळवते. आणि आतला पॅड बघते. चाकातून डोकावून “अजून चालतील” म्हणणाऱ्याला बाहेरचाच दिसतो. कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम असतील तर बाहेरचा जाडजूड असताना आतला पत्र्यापर्यंत गेलेला असू शकतो.

एवढं करूनही, शेवटी पहिल्यांदा ब्रेक दाबला की पाय थेट तळाला जातो. पिस्टन मागे गेलाय, चार-सहा वेळा दाबलं की पेडल वर येतं, हे मला पाठ आहे. तरी पोटात गोळा येतोच. तेव्हा ती बाई म्हणते, “बघ.” पार्किंगमध्येच पहिल्या गियरवर दोन फेऱ्या होईपर्यंत मी तिच्याशी वाद घालत नाही.

आता भाऊ नवी गाडी घे म्हणतोय. तिला इलेक्ट्रिक हँडब्रेक. तिथे हँडब्रेकसाठी पिस्टन मोटर रेटते, आधी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून गाडीला सर्व्हिस मोडमध्ये घ्यावं लागतं, मगच तो मागे जातो. “तेव्हा काय करशील?” हा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा बरा आहे. स्कॅनर केवढ्याला पडतो, याची चौकशी चालू आहे.