ल्यूटला बो नसतो

वादनातली डॉक्टरेट म्हणजे नुसता प्रबंध नव्हे. पूर्ण लांबीचे रिसायटल, म्हणजे एकल मैफली, द्यावे लागतात, लेखी-तोंडी परीक्षा असतात आणि लेक्चर-रिसायटलही असतं. त्यात मंचावर आधी मुद्दा मांडायचा आणि मग तोच वाजवून पटवायचा. माझा विषय होता जर्मन संगीतकार बाखचा, बो म्हणजे गजाने वाजवायच्या चेलोसाठीचा पाचवा सूट, म्हणजे नृत्यांच्या चालींवरच्या तुकड्यांची मालिका.

या सूटसाठी चेलोची सगळ्यात वरची तार ‘ए’ स्वरावरून ‘जी’ स्वरावर उतरवतात. उतरवलेली तार हळूहळू पुन्हा चढत जाते. आदल्या रात्रीच उतरवून ठेवली होती, तरी बोलता बोलता माझं बोट सारखं खुंटीकडे जात होतं.

बाखच्या हातची चेलोची प्रत आज उपलब्ध नाही. आपला मुख्य आधार म्हणजे त्याची पत्नी आना माग्दालेना हिने केलेली नक्कल. तिच्यात स्लरची, म्हणजे एकाच बोमध्ये वाजवायचे स्वर जोडणाऱ्या खुणेची, कमान पहिल्या स्वरावरून निघते की दुसऱ्या, हे कितीतरी ठिकाणी कळत नाही. मात्र याच सूटचं ल्यूट या बोटांनी छेडायच्या तंतुवाद्यासाठीचं रूप (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ९९५) बाखच्याच अक्षरात ब्रसेल्सला जपलेलं आहे. त्यावरून मी या सूटमधल्या साराबांद या संथ नृत्याचं बोइंग, म्हणजे बो कुठे बदलायचा ते, ठरवलं होतं.

परीक्षा समितीतल्या संगीतशास्त्राच्या प्राध्यापकांनी विचारलं, “ल्यूटला बो नसतो. मग ल्यूटच्या प्रतीवरून बो कुठे बदलायचा हे तुम्हाला कसं कळलं?”

इतका नेमका प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. चेलोच्या साराबांदमध्ये एकही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, नाही; एकच ओळ चालत राहते. ल्यूटसाठी लिहिताना बाखने तिच्याखाली बासचे, म्हणजे खर्जातले, स्वर घातले. हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुळणी, कुठे बदलते ते त्यांतून उघड दिसतं, आणि जिथे ती बदलते तिथे नवा बो, असं माझं म्हणणं. मी ते सांगू लागले, तेवढ्यात ते म्हणाले, “बोलू नका, वाजवा. आधी तुमच्या पद्धतीने, मग उलट.”

सुरुवातीचा भाग दोन्ही प्रकारे वाजवला. माझ्या बोइंगने सुरांना वजन आलं. दुसऱ्याने तीच ओळ सलग, लांब श्वासात गेली आणि तीही सुंदर लागली. तसं मी तिथेच सांगितलं. त्यावर वाद रंगला. चेलोच्या प्राध्यापिका माझ्या बाजूने होत्या, संगीतशास्त्रवाले शेवटपर्यंत साशंक.

समितीने मान्यता दिली, एका अटीवर: दोन्ही बोइंगचं ध्वनिमुद्रण प्रबंधाला जोडायचं आणि दुसरं का नाकारलं ते लिहायचं. ते प्रकरण सध्या लिहिते आहे.